आडनाव काय?

छत्रपती संभाजीनगरात छावणीच्या बाजूला, कडुनिंबांच्या शांत वसाहतीत फ्लॅट पाहायला गेलो. घरमालकांनी आधी पाण्याची टाकी दाखवली. जायकवाडीच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे दिवस मोजलेल्या शहरात ते रास्तच! मग आडनाव विचारले, आणि फ्लॅट 'कालच गेला' असे कळले.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची. पण फाटकातल्या त्या प्रश्नाची नोंद कोणत्या दुय्यम निबंधकाकडे होते?

१९१७ साली बडोद्यात डॉ. आंबेडकरांना जातीपायी राहती जागा सोडावी लागली. त्यांनीच १९५० मध्ये या शहरात महाविद्यालय काढले. त्याचा परिसर म्हणजे नागसेनवन. तिथे शिकून प्राध्यापक झालेल्याने घर शोधताना आडनाव पुटपुटावे, ते का?