वसईचा दुभाष्या

मिशनरी म्हटला की आम्हां खानदेशी माणसांना तो बाहेरून आलेलाच हवा. गोरा, टोपीवाला, मोडके मराठी बोलणारा! त्यामुळे आमचे शेजारी, रेल्वेतले एक वसईकर ख्रिस्ती गृहस्थ, एकदा सहज म्हणाले, "आमचा मिशनरी इथून तिकडे गेला हो," तेव्हा फराळाचे ताट घेऊन आलेल्या आमच्या सौभाग्यवती उंबऱ्यातच थबकल्या.

या घरात आमच्याइतकेच मराठी बोलले जाते. तरीही चाळीसगावात नवा माणूस भेटला की त्याचा प्रश्न ठरलेला. "मूळचे कुठले?" "वसईचे." "तसे नव्हे हो, त्याआधीचे?" गृहस्थ हसून वेळ मारून नेतात. त्यांची मुलगी मात्र हल्ली हसत नाही, आणि मला तिचेच बरोबर वाटते.

तर हा त्यांचा संत गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, 1557 च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज, आई इथली. पंधराएक वर्षांचा पोर जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा अशी शिकला की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. त्यांच्या संघात मात्र त्याला प्रवेश मिळाला नाही. मग गड्याने व्यापार केला, त्यात जम बसवला, आणि मनिलाला जाऊन सारे सोडून फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला. फादर नव्हे, बंधू!

1593 साली फिलिपाइन्सच्या गव्हर्नरचे वकील म्हणून फ्रान्सिस्कन जपानला निघाले, तेव्हा याच बंधूवाचून त्यांचे पान हलेना. सत्ताधीश हिदेयोशीपुढे दुभाष्या तो. दुभाष्याचे काम मोठे नाजूक. शब्द दुसऱ्याचा, मान आपली! पुढे 1596 मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला फुटले आणि पाद्र्यांमागून फौजा येतात या संशयाने उचल खाल्ली. वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला तो संशय अगदीच वेडगळ वाटणार नाही. पण त्याची किंमत मोजली कोणी? कैद्यांचे डावे कान कापून त्यांना ऐन हिवाळ्यात क्योतोहून नागासाकीपर्यंत नेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी सव्वीस जणांना क्रुसावर चढवले. बहुतेक जपानीच; एक तर बारा वर्षांचा पोर. त्यांत आपला वसईकर.

8 जून 1862 रोजी रोमने त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला हा पहिला संत. 1998 मध्ये वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला, त्याचाही आश्रयदाता हाच. गास गावचे चर्च त्याच्या नावाचे आहे.

आपण नाशिकला जाऊन नारोशंकराची घंटा कौतुकाने पाहतो. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. तोफांची वसई आपल्याला पाठ आहे. केळीबागांची, ओव्या-अभंगांच्या भाषेतच प्रार्थना करणारी वसई अनोळखी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा कुठे काहींना तिचा पत्ता लागला!

तेव्हा वसईस गेलात तर नुसता किल्ला पाहून परतू नका. गासलाही जा. आणि तिथे कोणाला "त्याआधीचे?" एवढे मात्र विचारू नका.