करकपातीला ५१, मजुरीला ६०

अमेरिकेच्या राज्यघटनेचे पहिलेच कलम काँग्रेसविषयी आहे. तेथे काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, तर प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून बनणारे विधिमंडळ. कर बसविणे, खजिन्यातून पैसा काढणे, युद्ध पुकारणे हे अधिकार घटनेने तिच्या स्वाधीन केले. दोन तृतीयांश मतांची अट घटनाकारांनी मोजक्याच प्रसंगी घातली: तह, महाभियोग, घटनादुरुस्ती, अध्यक्षांचा नकाराधिकार मोडणे वगैरे. सामान्य कायद्याला साधे बहुमत पुरावे, असाच त्याचा अर्थ होतो. प्रत्यक्षात कोणत्या कायद्याला किती मते लागतात, हा मात्र वर्गीय हितसंबंधांचा प्रश्न होऊन बसला आहे.

सिनेटची रचनाच मुळात विषम आहे. प्रत्येक राज्याला दोन जागा. २०२० च्या जनगणनेनुसार कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख, तर वायोमिंगची जेमतेम ५ लाख ७७ हजार. प्रतिनिधी मात्र सारखेच. राज्याच्या संमतीवाचून ही समानता काढून घेता येणार नाही, असे घटनादुरुस्तीच्या कलमातच लिहून ठेवले आहे. आपल्या राज्यसभेला अर्थविधेयक चौदा दिवसांपलीकडे अडवता येत नाही. सिनेटवर असे बंधन नाही. महसुलाचे विधेयक प्रतिनिधिगृहातच मांडावे लागते खरे, पण सिनेट ते हवे तसे बदलू शकते.

या विषमतेवर फिलिबस्टरची, म्हणजे चर्चा लांबवून विधेयक मारण्याची प्रथा चढली. ती घटनेत नाही. चर्चा बंद करण्याचा नियम सिनेटने १९१७ साली केला आणि त्यासाठी दोन तृतीयांश मते ठरवली. १९७५ पासून शंभरांपैकी साठ मते लागतात. ही प्रथा अल्पमताच्या संरक्षणासाठी आहे, असे तिचे समर्थक सांगतात. कोणत्या अल्पमताच्या, हे इतिहासाने दाखवले आहे. कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याविरुद्धचे विधेयक प्रतिनिधिगृहाने १९२२ साली संमत केले. सिनेटमध्ये दक्षिणेकडील सभासदांनी ते मारले. असा कायदा व्हायला २०२२ साल उजाडले. नागरी हक्कांच्या विधेयकावर चर्चाबंदी प्रथम साधली ती १९६४ साली, ७१ विरुद्ध २९ मतांनी.

कामगारांची कथा याहून वेगळी नाही. संघटना बांधणाऱ्यांना कामावरून काढणाऱ्या मालकांवर जरब बसवणारे विधेयक १९७७ मध्ये प्रतिनिधिगृहाने मोठ्या बहुमताने संमत केले. अध्यक्ष कार्टर अनुकूल होते, सिनेटमध्ये त्यांच्याच पक्षाचे बहुमत होते. १९७८ मध्ये चर्चाबंदीचे सहा प्रयत्न झाले. जास्तीत जास्त ५८ मते पडली आणि विधेयक बुडाले.

याच सिनेटला साध्या बहुमताचा एक दरवाजाही आहे. १९७४ च्या अंदाजपत्रक कायद्याने ‘रिकन्सिलिएशन’ नावाची पद्धत निर्माण केली. तीत चर्चेला वीस तासांची मर्यादा असल्याने फिलिबस्टर चालत नाही. जमाखर्चाशी निगडित बाबीच तेथून जाऊ शकतात. २००१, २००३, २०१७ आणि २०२५ या वर्षांच्या मोठ्या करकपाती याच दरवाजाने गेल्या. २००३ व २०२५ मध्ये तर समसमान मते पडली आणि उपाध्यक्षांच्या मताने निकाल लागला. पुढील पिढ्यांवर कर्जाचा बोजा टाकण्यास एका मताचे आधिक्य पुरले.

किमान वेतन ताशी १५ डॉलर करण्याचा प्रस्ताव २०२१ साली याच मार्गाने आणला गेला. वेतनवाढीने सरकारी तूट दहा वर्षांत ५४ अब्ज डॉलरनी वाढेल, असा अंदाज खुद्द काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने दिला होता. तरीही अंदाजपत्रकावरील परिणाम केवळ आनुषंगिक ठरून तरतूद नियमात बसत नाही, असा अभिप्राय सिनेटच्या नियमतज्ज्ञ अधिकाऱ्यांनी दिला. सगळा दोष नियमाच्या माथी मारणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो अभिप्राय बाजूला सारण्यासाठी मतदान झाले तेव्हा ४२ विरुद्ध ५८ असा निकाल लागला, आणि विरोधकांत डेमोक्रॅटिक गटाचे आठ सभासद होते. नियमाची आड मिळाली की मालकवर्गाला न दुखावता मजुराविषयी कळवळा दाखवता येतो.

हा नियम अढळ आहे असेही नाही. नेमणुकांसाठी तो २०१३ साली डेमोक्रॅटांनी मोडला, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी २०१७ साली रिपब्लिकनांनी. दोन्ही वेळा साधे बहुमत पुरले. जानेवारी २०२२ मध्ये मतदान हक्कांच्या विधेयकासाठी तेवढीच सवलत मागण्यात आली; ती ४८ विरुद्ध ५२ मतांनी नाकारली गेली.