अनुकंपादान आणि शेजारची आई

नाताळ येतो तेव्हा भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील भाताची झोडणी उरकलेली असते. मजुरी आटते, आणि एकटीने मुले वाढविणाऱ्या मातेची किराणा दुकानातील उधारी वाढू लागते. ती ख्रिस्ती असेल, तर सणही त्याच उधारीत येतो.

शास्त्रकारांनी सुपात्रदानात घेणाऱ्याची पात्रता पाहावयास सांगितली. अनुकंपादानात मात्र दुःख हीच पात्रता मानली. हा भेद आचरणात टिकविणे सोपे नाही. 1882 साली पंडिता रमाबाई वैधव्य आणि लहानगी मनोरमा घेऊन पुण्यात आल्या, तेव्हा रमाबाई रानडे त्यांच्या व्याख्यानांना जात राहिल्या. त्यापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणी त्यांनी सोसली. 1883 मध्ये पंडिताबाई ख्रिस्ती झाल्या. तरीही पुढे त्यांच्या शारदासदनाच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे होते. 1893 मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून ते बाहेर पडले. शंका खरी धरली, तरी सदनातील विधवांची निवाऱ्याची गरज त्या दिवशीही तेवढीच होती.

नाताळचा केक आपल्या घरी चालत नाही. शेजारी सुखडीचा डबा पाठविण्यास मात्र कोणाची हरकत नसावी. उधारीची वहीही महिनाभर मिटून ठेवता येते, चारचौघांत न सांगता. शिवाय, एकल पालकांच्या मुलांसाठी शासनाची बालसंगोपन योजना आहे. पात्र मुलामागे दरमहा 2,250 रुपये मिळतात. रोजंदारी बुडवून कचेरीत खेटे घालणे त्या मातेला परवडत नाही. कागदपत्रे जुळवून अर्ज लिहून देणे, हे वहीखात्यात मुरलेल्या शेजाऱ्याचे अर्ध्या तासाचे काम आहे.