खांदेपालट

मंत्रिमंडळात होतो तो खांदेपालट मला ठाऊक होता. घरातही तो होऊ शकतो, हे आई मोरीत घसरून पडली तेव्हा कळले. वय वर्षे ७१, खांदा उजवा. क्ष-किरणाच्या फोटोत दंडाचे हाड वरच्या गोळ्याच्या खाली तुटून जरा सरकलेले दिसत होते.

संध्याकाळपर्यंत आमच्याकडे अकरा माणसे जमली आणि "चहा टाकला का?" विचारावे तितक्या सहजतेने अकराही जणांनी विचारले, "प्लेट टाकली का?" नुसती झोळी बांधलीय म्हटल्यावर आमच्या मेव्हण्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की तशी नजर मी फक्त थकबाकीदारासमोर बसलेल्या मॅनेजरची पाहिली आहे.

"अहो, मेडिक्लेम आहे ना? मग काटकसर कशाला?"

माझे भांडण आहे ते इथेच. पॉलिसी आहे म्हणून ऑपरेशन करा, हे म्हणजे लॉकर रिकामा आहे म्हणून दागिने करा म्हणण्यासारखे झाले!

पहिल्या सर्जनसाहेबांनी कागदावर प्लेट आणि स्क्रूचे इतके सुरेख चित्र काढले, की फ्रेम करून लावावेसे वाटले. "उद्या सकाळी टाकून देऊ. खांदा पहिल्यासारखा." दुसरे डॉक्टर वयस्कर. त्यांनी आईची बोटे हलवून पाहिली, मुंग्या येतात का विचारले, फोटो दोनदा उजेडात धरला आणि म्हणाले, "सांधा निखळला नाही, हाड कातडीबाहेर नाही. घाई कसली?" मग मी बँकेत आहे असे कळल्यावर त्यांनी मला एक हिशेबच ऐकवला.

ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांनी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. असेच हाड सरकलेले २५० रुग्ण, सरासरी वय ६६. निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना झोळी. कोणाला काय, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवलेले. मग दोन वर्षे रुग्णांनाच विचारत राहिले : कपडे घालता येतात का? केस विंचरता येतात का? दुखते किती? ४८ पैकी गुण. ऑपरेशनवाल्यांना ३९.०७ आणि झोळीवाल्यांना ३८.३२. फरक पाऊण गुणाचा! तोही नुसत्या योगायोगाने पडावा इतका किरकोळ. पाच वर्षांनी पुन्हा पाहिले तरी शिल्लक तीच.

आता, कॅशमध्ये पाऊण रुपयाचा फरक आला तर आम्ही रात्रीपर्यंत घरी जात नाही, हे कबूल. पण त्या पाऊण रुपयासाठी भूल, टाके, जंतुसंसर्गाची भीती आणि स्क्रूचे टोक गोळ्यातून सांध्यात घुसण्याची शक्यता, एवढे तारण कोणी ठेवील का?

सुरीशी माझे वैर नाही. गोळाच फुटला, सांधा निखळला, रक्तवाहिनी दुखावली, तर सुरी हवीच. सांधा निखळलेले रुग्ण त्या पाहणीत घेतलेलेच नव्हते. फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५ साली उलटा कृत्रिम सांधा बसवायला सुरुवात केली. त्यात वाटीच्या जागी गोळा आणि गोळ्याच्या जागी वाटी, म्हणजे अस्सल खांदेपालट! चुरा झालेल्या काही म्हाताऱ्या खांद्यांना तो उपयोगी पडतो. पण ते खातेच वेगळे.

झोळी म्हणजे काहीच न करणे, ही मात्र शुद्ध थाप आहे. आईला पुढे वाकून, डाव्या हाताने टेबल धरून, उजवा हात लोंबता सोडून लंबकासारखा झुलवायचा असे. या व्यायामाला बोस्टनच्या कॉडमनसाहेबांचे नाव आहे आणि त्यांचा खांद्यावरचा ग्रंथ १९३४ सालचा. नंतर भिंतीवर बोटांनी पालीसारखे वर चढायचे. रोज, दुखत असताना. त्या अकरा जणांपैकी एकानेही कधी "व्यायाम चाललाय का?" असे विचारले नाही. स्टीलचे बिल दाखवता येते. लंबकाचे कोण दाखवणार?

हे सगळे आत्ता ऐटीत लिहितो आहे. पहिल्या पंधरवड्यात आई खुर्चीतच टेकून झोपायची आणि पहाटे तीनला कण्हायची, तेव्हा ३८.३२ हा आकडा माझ्या काडीच्या उपयोगी पडला नाही. आपण चिक्कूपणाच केला की काय, या विचाराने मी उठून उगाच पाणी पिऊन येई. ऑपरेशन केले असते तर निदान सर्जनला शिव्या देता आल्या असत्या!

चौथ्या महिन्यात तिचा हात अंबाड्यापर्यंत पोचला. वरच्या फळीपर्यंत अजून जात नाही. परवा मेव्हण्यांनी ते बरोबर हेरले.

"प्लेट टाकली असती, तर वरच्या फळीवरचा डबासुद्धा काढला असतात."

आई अंबाड्यात काटा खोचत म्हणाली, "जावईबापू, तिथं तुम्ही दिवाळीला दिलेला स्टीलचा डबा आहे. तो राहू दे तिथंच."