नाव कळले, अटक संपली!
भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 39 वाचा. अदखलपात्र गुन्ह्याचा आरोप असलेल्याने नाव-पत्ता सांगायला नकार दिला किंवा तो खोटा वाटला, तर पोलीस अटक करू शकतात. पण फक्त खरा नाव-पत्ता कळेपर्यंत. कळला की मुचलक्यावर सुटका. 24 तासांत कळला नाही, तर दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचे. मग 'आधार दाखव', 'नमाज कुठे पढतोस' हे या कलमात कुठे लिहिले आहे? आमची पोरे नाव सांगायला कचरतात, कारण नाव ऐकताच समोरच्याचा आवाज चढतो. तरीही भावांनो, नाव खरेच सांगा. लपवलेत तर अटकेचा अधिकार तुम्हीच हाती देता. आणि साहेब, नाव-पत्ता पटला की हे कलम थांबते. तुम्हीही थांबा.