घाणेरीचें राज्य व ग्रामसभेचा हक्क

पावसाळ्यांत भंडारदऱ्यास जाणारे आमचे नगरकर बंधू अकोले तालुक्यांतील हिरवे डोंगर पाहून प्रसन्न मनानें परततात. त्या हिरवाईंत गवत किती व घाणेरी किती, हा प्रश्न त्यांस सुचत नाहीं. तेथील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांस मात्र तो रोज पडतो. घाणेरी मूळची अमेरिकेंतील. १८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत शोभेसाठीं आली, आणि तिचीं फळें खाणाऱ्या पक्ष्यांनीं तिचें बीं देशभर नेलें. तिच्या जाळीखालीं गवत मरतें, गुरांची वाट बुजते, पाला खाल्लेल्या जनावरास कावीळ होते. सरपण काय तेवढें मिळतें. पण सरपणावर म्हैस दूध देत नाहीं.

कर्जत-जामखेडच्या माळांवर हेंच काम वेडी बाभूळ करते. शेळ्यामेंढ्या तिच्या शेंगा खातात व लेंड्यांतून बीं नव्या रानांत नेतात. म्हणजे धनगराचा कळपच आपल्या कुरणाचा शत्रु पेरीत हिंडतो! तथापि तिच्यावर कित्येक गरिबांची चूल पेटते, कोळसा भाजणारांचें पोट चालतें. सबब ती एका हुकुमानें उपटून टाका असें म्हणणारांत आम्ही नाहीं.

आमचा आक्षेप निराळाच आहे. रानांतील घाणेरी काढणें हें सरकारचें काम, असें सर्वांनीं गृहीत धरलें आहे. ठेक्यानें काम दिलें म्हणजे वरवर कोयता फिरतो, आणि बुंधा राहिला कीं घाणेरी पुन्हा फुटते. ती फळ धरण्यापूर्वीं मुळासकट काढावी लागते, मोकळ्या जागीं लागलीच गवत लावावें लागतें, आणि पुढें कांहीं वर्षें नवीं रोपें उपटीत राहावें लागतें. इतकी चिकाटी, ज्याचें गुरूं तेथें चरावयाचें आहे, तोच दाखवील. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमानें सामूहिक वनाचें रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क गांवास दिलेला आहे. अभयारण्येंही त्यांतून वगळलेलीं नाहींत. तेव्हां १९८६ सालच्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचें नांव पुढें करून कोणीं गांवकऱ्यांस परत धाडूं नये.

जिल्हाधिकाऱ्यांनीं असे सामूहिक दावे आधीं निकालांत काढावे, आणि रोजगार हमीचीं हीं कामें ग्रामसभेच्या ठरावाप्रमाणें चालवावीं. कर्नाटकांतील माले महादेश्वर डोंगरांत सोलिग लोक घाणेरीच्या काठ्यांचें फर्निचर बनवितात. तसा माल उद्यां अकोल्याहून नगरच्या बाजारांत आला, तर आमचे व्यापारी तो योग्य भावानें घेतील काय?