मॉस्कोचे पितळी पदक

प्रदर्शनात कालवडीला मिळालेला पहिल्या नंबरचा बिल्ला आपण वर्षानुवर्षे जपून ठेवतो. आज दूरच्या एका बिल्ल्याची हकिकत सांगतो.

१९४७ साली, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी, मॉस्को शहराने ८०० वा वाढदिवस केला. शहराचे साल ११४७ धरतात, पण त्या साली कोणी पहिली कुदळ मारली असे नाही. युरी दोल्गोरुकी या राजपुत्राने एका मित्र राजाला मॉस्कोला बोलावून मोठी मेजवानी दिली, एवढाच उल्लेख जुन्या बखरीत आहे. लाकडी तटबंदीची नोंद ११५६ ची. पंगतीवरून गावाचा जन्म ठरला म्हणा ना!

७ सप्टेंबरला थाटाचा सोहळा झाला आणि त्याच महिन्यात सरकारने स्मृतिपदक काढले. पितळेचे, ३२ मिलिमीटर व्यासाचे, आपल्या राणीछाप रुपयाहून किंचित मोठे. एका बाजूस क्रेमलिन, दुसरीकडे दोल्गोरुकी. निदान पाच वर्षे शहरात वा उपनगरात राहिलेल्या कामगार-नोकरदारांना ते मिळे. शाळांच्या आणि शहरसुधारणेच्या कामाला हात लावणाऱ्या गृहिणींनाही मिळे, हे मला फार आवडले. सुमारे १७ लाख पदके वाटली गेली.

पण आदल्या वर्षीची शेती पाहा. १९४६ साली युक्रेन, मोल्दाविया आणि रशियाच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात पावसाने दगा दिला. युद्धाने घोडे, ट्रॅक्टर आणि कर्ती माणसे आधीच ओढून नेली होती. तरीही सामुदायिक शेतांकडून सक्तीची लेव्ही वसूल झाली, काही धान्य परदेशीही गेले. त्या दुष्काळात लाखो माणसे भुकेने आणि रोगाने मेली. शहरात पाव रेशनकार्डावर होता. ते रेशनिंग उठले डिसेंबर १९४७ मध्ये, सोहळ्यानंतर तीन महिन्यांनी. सामुदायिक शेतावरच्या कुटुंबांना तर तेही कार्ड नव्हते. शहराला पाव पुरवणारा हा कुणबी पदकाच्या नियमात कुठेच बसला नाही. मी शेतीखात्यातला माणूस, मला हे खटकते.

पुढे १९५७ मध्ये लेनिनग्राडच्या २५० वर्षांचे आणि १९८२ मध्ये कीवच्या १५०० वर्षांचे पदक निघाले.

आणि हो, घरात आजोबांचे एखादे पितळी पदक असेल तर चिंच किंवा राख लावून घासू नका, अक्षरे झिजतात. मऊ कापडाने पुसून कोरड्या डबीत ठेवा.